मुंगण्याचा पाला आणि लाल गोळी

या सभेच्या अध्यक्ष सरपंच शोभाबाई, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती प्रमिलाबाई सिस्टर आणि समोर बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो, सर्वांना नमस्कार.

प्रमिलाबाईंनी आपल्या उपकेंद्रात एकवीस वर्षे काढली. त्या येण्याआधी मुंगणा, म्हणजे शेवगा, आपल्याला ठाऊक नव्हता का? होता. शेंगा आपण खायचो आणि पाला बकऱ्यांना घालायचो. "बकऱ्या तुमच्यापक्षा हुशार हायेत," असे त्या तोंडावर म्हणायच्या. पाल्यात लोह आहे, हाडांना कॅल्शियम आहे, डोळ्यांनाही तो चांगला, हे त्यांनी घरोघरी ओट्यावर बसून सांगितले. मुंगण्याची मुळी मात्र गरोदर बाईने तोंडात घालायची नाही, हेही तितक्याच वेळा.

मी शिक्षिका. ऐकलेले दुसऱ्याला शिकवायची मला भारी घाई. दहा वर्षांपूर्वी माझी धाकटी जाऊ जयवंता पहिलटकरीण होती. रक्तवाढीच्या लाल गोळ्यांनी तिला मळमळायचे. मी म्हटले, "गोळ्या सोड, रोज पाला खा." तिने ऐकले. सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन निघाले सात.

प्रमिलाबाई घरी आल्या. तांदळाच्या डब्यामागे गोळ्यांची न फोडलेली पाकिटे सापडली.

"काऊन वं, तुले कोनं सांगतलं सोडाले?"

जयवंताने माझ्याकडे पाहिले. "कोनी नाई. मीच सोडल्या."

मी गप्प राहिले. बाईंनी मात्र ओळखले. मला अंगणात नेऊन म्हणाल्या, "मॅडम, पाला काही गोळीची सवत नाई. दोघी एका घरात नांदतात."

मग त्याच तिला सेवाग्रामच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. पुढे रोज दुपारी जेवणानंतर समोर बसून गोळी गिळायला लावत, वर लिंबाची फोड देत. बाळंतपण सुखरूप झाले. गुंजन आता चौथीत आहे. बघा, पहिल्या रांगेत बसून पाल्याची भजी खाते आहे.

बाईंनी हे कधी कुणाला सांगितले नाही, माझ्या सासूबाईंनाही नाही. उद्या त्या निवृत्त होऊन पुलगावला लेकाकडे जातील, आणि माझी चूक कायमची जयवंताच्या नावावर राहील. ते मला नको होते, म्हणून आज माईक मागून घेतला.

बाई, तुमचे मनापासून आभार. अध्यक्षांनी वेळ दिला, त्यांचेही. बोलण्यात काही कमी-जास्त झाले असेल, तर सभेने पदरात घ्यावे.

आणि जयवंता, माझे तेव्हाचे गप्प राहणे तू पदरात घे.