बारमाही भाडं

नाही नाही, करवत खाली ठेवा पंजाबभाऊ, ते लाकूड कापू नका अजून! एकदा बॉडी बनली का संपलं — मंग दहा वर्स तेच भाडं वाहावं लागते. आधी माहं आयका. मी कोन? अगं माय, सांगतलंच नाही का मी! हे ट्रकचं नवं चेसिस उभं हाये ना तुमच्या कारखान्यात, ते ज्यायचं, ज्यायले तुमी पुंजारामभाऊ म्हनता — त्यायची घरवाली मी. शकुन, तिवस्याची. हे मांगून येऊन राहिले, अमरावतीत कागदायच्या कामात अडकले. मी पहिल्या यष्टीनं निघाली अन् अकोल्याच्या स्टँडवरून पायीच आली, आटो करायचं भानच नाही राहिलं. घ्या, पेढा घ्या. घ्या हो! चोवीस वर्स दुसऱ्याची गाडी चालवली यायनं, आता घरची. मी तं आल्या आल्या चाकाले हात लावला अन् एकटीच हासत बसली — तुमचा वेल्डिंगवाला पाहे माह्याकडं, म्हने बाईले ऊन लागलं का काय.

तं मुद्दा असा — भाडं पाहून बॉडी, का बॉडी पाहून भाडं? भाडं पाहून! तेच म्हनते मी. आता यायचं म्हननं, संत्र्याची बॉडी बनवू. फळ्यायच्या मधात फटी ठेवायच्या, हवा खेळली पाहिजे, शेंदूरजनाघाटले माल भरला का सुटा. मी म्हटलं बरं, आंबिया बहार झाला, मृग बहार झाला — मंग? मंग काय, गाडी उभी अन् हे खाटीवर आडवे. कापूस म्हटला तं दिवाळी ते होळी. इटा-गिट्टी म्हटली तं पावसाळ्यात चाकं चिखलात. माहा भाचा नितेश म्हने, मामी, कोंबड्या वाहा, लोकं बारा महिने खातेत. बारा? मी म्हटलं गड्या, श्रावन इसरला का तू? श्रावन, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार, कोनाचा शनवार — मोजून पाह, काय उरते ते. अन् तो वास! त्या गाडीत बसून मी लग्नाले जाईन का कोनाच्या?

अन् रिकामा डायवर घरात म्हंजे काय असते, तुमाले नाही कळायचं भाऊ. मी पोळी लाटली तं म्हनतेत, डावीकडून दाब दे. मी कोठी सरकवली तं मांगून हात हालवतेत — येऊ दे, येऊ दे, येऊ दे, बस्स! शेजारच्या चतुराबाईनं हळदी-कुंकवाले बोलावलं तं इचारतेत, कोन्या रस्त्यानं जाशीन? अवो, भिंतीले भिंत हाये! दुसऱ्याची गाडी सोडली तवापासून चार महिने असं. मी देवापुढं हात जोडले, म्हटलं काही कर बावा, पन या मानसाले बारमाही काम दे अन् घराबाहेर काढ.

अन् सापडलं! कुठी सापडलं असन? गोठ्यात! माही ननंद शालू, तिच्या म्हशीनं दूध कमी केलं, अन् शालू म्हने, काय करू वहिनी, ढेप संपली, अकोल्यावरून आलीच नाही. अकोल्यावरून! माह्या हातातला चहा तसाच राहिला. सरकीची ढेप, भाऊ! म्हस काही श्रावन पाळते का? ढोराले एकादशी असते का? ऊन असो, पानी असो, दोन टाइम ते खाईनच खाईन. ढेप नसली तं चुनी, चुनी नसली तं मक्याचा भरडा. मी दोन दिवसात अकरा गोठे फिरली — अकराच्या अकरा म्हने, आना वहिनी. म्हनून सांगते, फटी नकोत. फळ्या गच्च बसवा, अन् ताडपत्री बांधायचे कडे जास्तीचे लावा. पानी लागलं का ढेपीले बुरशी धरते.

मंग पाहा ना कसं जमते — पहाटे निघायचं, अकोल्यात माल भरायचा, दुपारून गोठ्यागोठ्यात उतरवायचा अन् दिवेलागनीले घरी... काय? हासता काहून? आत्ताच घराबाहेर काढत होती म्हनता? हो, काढत होती. दिवसा काढत होती! रोज जावं, पन रोज यावं बी ना मानसानं. संत्रं भरून कलकत्त्याकडं गेले का वीस-वीस दिवस पत्ता नाही. आमची पोरगी आकांक्षा लहान होती तं यायच्या वाढदिवसाले फोनलेच ओवाळे — मी हासो, अन् मंग चुलीपाशी जाऊन रडो. हे खाटीवर पडून हुकूम सोडतेत ना, तवा मी कितीबी बोंबलली तरी घर भरल्यावानी वाटते. मले करमत नाही यायच्याबिगर. झालं — निघालं तोंडातून. चोवीस वर्सात त्यायलेबी नाही सांगतलं हे.

आता सांगतलंच तं सारंच सांगते, म्हनूनच पुढं आली मी. तुमी केबिनमधी सीटच्या मांगं झोपायची फळी बसवता ना — ते बसवूच नका. फळी असली का डायवर म्हनते, आज इथीच पडतो, सकाळी पाहू. फळी नसली का झक मारत घरी येते. यायले सांगा जागा पुरली नाही, लाकूड पुरलं नाही, काहीबी सांगा, पन माहं नाव नका घेऊ, तुमाले शपथ हाये...

काय म्हनता? बसवायचीच नाही? कोनं सांगतलं? — कोनता कागद? दावा बरं.

हे तं... हे तं यायचंच अक्षर. 'झोपायची फळी नको. बाकी घरी विचारून.' कधी देल्ला हा? सोमवारी? गाडी सोडून गेले तवाच?

काय झालं म्हनता? काही नाही. डोळ्यात भुसा गेला तुमच्या कारखान्यातला. माह्याकडं काय पाहता उभ्या उभ्या? जा, कामाले लागा.