इतवारचे नवे गाणे

गोजरबाई : रेडिओची काच कोणं पुसली?

शेषराव : म्या पुसली. ओल्या फडक्यानं. पाह्य कशी लखलख करून राह्यली.

गोजरबाई : अन् तिच्यावरचा कुंकवाचा ठिपका?

शेषराव : तो तं आधी पुसला. अवं, उद्या धोंड्याच्या वाणात जावयाले द्याचा हाये रेडिओ. पूजा केलेला, कुंकू लागलेला देऊ काय त्याइले? म्हणतीन, सासऱ्यानं जुना माल खपवला.

गोजरबाई : पूजेचा नव्हता तो ठिपका.

शेषराव : मंग कशाचा?

गोजरबाई : काही नाही. सिंधे, त्या पिठात दूध जास्त झालं पाह्य. अनारसे हासतीन, तळतानी फुटून जातीन.

सिंधू : माय, तुह्या डोयात पाणी काऊन?

गोजरबाई : चुलीचा धूर हाये.

सिंधू : चूल तं अजून पेटवलीच नाही.

शेषराव : अवं बोल नं, सिंधूची माय. काच पुसली म्हणून कोणी रडते काय?

गोजरबाई : मले आकडे वाचता येत नाही. म्हणून सिलोन टेशनच्या जागेवर म्या तो ठिपका लावला होता. काटा ठिपक्यावर आणला का ते इंग्रजी गाणे लागते. इतवारी दुपारी तो माणूस सारे नवेच लावते. आज इतवार हाये.

शेषराव : इंग्रजी गाणे? तू?

गोजरबाई : हाव. मीच.

शेषराव : सिंधे, ऐकून राह्यली काय? माय मॅडम झाली तुही!

सिंधू : बाबा, हासू नका.

शेषराव : हासू नाही तं काय करू? म्हणूनच रेडिओचे सेल महिन्याच्या आत बसते. मी त्या दुकानदाराले चोर म्हणून आलो अन्!

गोजरबाई : एक दिवस तुम्ही धाड गावच्या बाजाराले गेल्ते. शेतीचा कार्यक्रम ऐकाव म्हणून खुंटी फिरवली, अन् मधातच ते लागलं. पिंजारी कापूस पिंजते नं, तात ठणठण करते, तसं. पण चार-पाच ताती संगंच. अन् वरतून तीन-चार पोट्टे एका सुरात गाऊन राह्यले, टाया वाजवून राह्यले.

सिंधू : गिटार म्हणते माय त्याले. आमच्या यायनं सांगितलं होतं मले.

गोजरबाई : गिटार असो का काही असो. गाणं एवढुसं राह्यते. चहाले उकयी येत नाही तं संपते, अन् पुढचं नवंच. देवळातल्या त्या कडूबाच्या भजनात तीस वर्सं झाले, तेच ते.

शेषराव : देवाच्या भजनाले नाव नको ठेवू.

गोजरबाई : देवाले नाही ठेवत. कडूबाले ठेवते.

शेषराव : पण समजते काय तुले त्याच्यातलं?

गोजरबाई : अक्षर नाही समजत. तेच तं बरं हाये. समजणाऱ्या गाण्यात सासू राह्यते, नणंद राह्यते, बाईनं कसं वागाव ते राह्यते. जात्यावर बसलं तरी तेच. हे गाणे मले काहीच शिकवत नाही. नुसते वाजते. अन् ऐकलं का पंधरा वर्सांची झाल्यासारखं वाटते मले.

सिंधू : माय!

गोजरबाई : तू गेली सासरी. हे दिवसभर मिरचीच्या वावरात. घरात एक मी अन् एक मांजर. मागच्या इतवारी एक लागलं होतं, काय सांगू! आधी एकटी तातच वाजली, हळूहळू. मंग सारे एकदम तुटून पडले. भाकर तव्यावर तशीच राह्यली माही.

शेषराव : ती जयलेली भाकर! मले तं म्हणे तवाच खराब हाये.

गोजरबाई : तवा चांगला हाये.

शेषराव : आता काय करू मी? शब्द देऊन बसलो जावयाले. धोंड्याचं वाण कबूल करून मागं घेता येते काय?

गोजरबाई : कोण म्हणते मागं घ्या? द्या. आजवर काही मांगितलं काय म्या तुम्हाले? आजचा एक इतवार तेवढा पाह्यजे होता. उद्या तं रेडिओ घाटाखाली सिंधीच्या सासरीच जाऊन राह्यला.

सिंधू : बाबा, एक सांगू? राग नका मानू.

शेषराव : सांग.

सिंधू : यायनं रेडिओ मांगितलाच नव्हता. सायकल मांगितली होती. आमच्या वरवटहून याइची शाळा दोन कोस हाये. रोज पायी जाते, पायी येते. पोराइच्या आधी मास्तरच थकून बसते.

गोजरबाई : अन् मले तं तुम्ही म्हणले, जावयानं रेडिओचाच हट्ट धरला!

शेषराव : म्हणलं होतं.

गोजरबाई : काऊन?

शेषराव : काऊन म्हणजे? सायकल देली असती तं मी बाजाराले कशावर गेलो असतो? मिरचीचं पोतं डोक्यावर नेलं असतं काय? म्हणलं, रेडिओ तसाबी कोणाच्या कामाचा नाही. शेतीचा कार्यक्रम सुरू झाला का मी घोरतो.

गोजरबाई : कोणाच्याच कामाचा नाही!

शेषराव : तसं नाही म्हणत मी.

गोजरबाई : तसंच म्हणता. आपली वस्तू ठेवली अन् माही देली. अन् ती माही होती, हे तुम्हाले मालूमबी नाही.

शेषराव : तू कधी सांगितलंबी नाही.

गोजरबाई : लाज वाटली. चाळीस वर्सांची बाई, पोरगी देली, अन् इंग्रजी पोट्ट्याइच्या टाया ऐकते. त्या शेजारच्या मनकर्णाबाईले समजलं तं नदीवर तमाशा करन ती.

शेषराव : कवा लागते ते?

गोजरबाई : दुपारची बुलढाण्याची एस.टी. गेली का.

सिंधू : एस.टी. तं आत्ताच गेली.

शेषराव : आण इकडं तो रेडिओ. कुठं होता ठिपका?

गोजरबाई : उजव्या अंगाले. त्या मोठ्या रेघेच्या थोडा अलीकडं. हळू फिरवा. रोप लावतानी हात ठेवता नं, तसा हलका ठेवा.

शेषराव : ह्या बातम्या होय.

गोजरबाई : पुढं.

शेषराव : अन् हे काय? भांडून राह्यले वाटते कोणी.

गोजरबाई : हे नाही. जाऊ द्या. नाही सापडत आता.

शेषराव : थांब वं. पुसलं म्या, तं शोधनबी मीच.

(रेडिओची खरखर. मग एकदम गिटार.)

गोजरबाई : हेच! हेच ते. अन् हे तं नवं हाये, कधीच ऐकलं नाही म्या!

सिंधू : बाबा, तुमचा पाय हालून राह्यला.

शेषराव : माशी बसली होती.

सिंधू : दोन्ही पायावर?

शेषराव : गप वं. अन् हे काय, संपलंबी?

गोजरबाई : सांगितलं नं, एवढुसंच राह्यते. आता तो माणूस बोलन, मंग दुसरं लागन.

शेषराव : तो बोलते तोवर ऐका. उद्या जावई नारायणराव आले का सायकल घेऊन जातीन. चाकं धुऊन ठेवतो, साखळीले तेल घालतो. वाणाची वस्तू बदलली म्हणून काही आभाय कोसयत नाही.

गोजरबाई : अन् बाजाराले कसे जासान तुम्ही?

शेषराव : पंजाबराव दर बाजाराले बैलगाडी जुपते. त्याच्या पोत्यावर बसन.

गोजरबाई : पंजाबरावच्या गाडीत? बांधाच्या भांडणाले सात वर्सं झाले. तुम्ही त्याच्या सावलीले उभे राहत नाही!

शेषराव : राहीन. आधी मीच बोलन त्याच्यासंग.

गोजरबाई : माह्यासाठी?

शेषराव : हळू बोल. दुसरं लागून राह्यलं.