बाळ रडून राहिलंय

पुण्याच्या लोकांना आपली मराठी कळते, असं समजू नका गं. मागल्या उन्हाळ्यात मी देवणीहून तिथं एका घरी बाळ सांभाळायला राहिले होते. करमायचं म्हणून न्हाई. बसलं की उठावं वाटायचं, उठलं की गावाकडं पळावं वाटायचं.

एका दुपारी बाळ रडायला लागलं ते थांबंचना. खुळखुळा झाला, दूध झालं. घाबरून मॅडमला ऑफिसात फोन लावला, "मॅडम, बाळ रडून राहिलंय!"

"राहिलं ना रडायचं? मग झोपेल आता," म्हणल्या अन् ठेवला की फोन!

परत लावला. "मॅडम, लई रडून राहिलंय!"

"अगं, राहिलं तर बरंच झालं. सारखा फोन नको करूस."

तिसऱ्यांदा लावला अन् फोन बाळाच्या तोंडापाशी धरला. मॅडम रिक्षा करून धावत आल्या. बाळाचा कान ठणकत होता.

उन्हाळा सरला. पिशवी घेऊन दारात उभी राहिले अन् म्हणलं, "मॅडम, मी गावाला जाऊन राहिले."

बाळाला कडेवर घेऊन त्या म्हणल्या, "जाऊन ये गं. राहू नकोस."