मी बघतो

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या पलटणीचे प्रमुख माननीय कमांडर साहेब, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती, आपले सगळ्यांचे वस्ताद, त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू, व्यासपीठावरील अधिकारीवर्ग, माझे कचेरीतले सहकारी, आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले जवान. तुम्हाला कोणी बसायला सांगितलं नाही का? पुढे तीन खुर्च्या रिकाम्या आहेत. नको? बरं. सर्वांना नमस्कार.

मला कचेरीतर्फे दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. मी खरोखर दोनच शब्दांबद्दल बोलणार आहे, आणि तेही वस्तादांचेच आहेत. ‘मी बघतो.’

मागून हसू आलं, म्हणजे तुम्हाला कळलं.

वस्तादांनी बत्तीस वर्षं कवायत शिकवली. चुकले, एकतीस वर्षं आणि सात महिने. फाइल मीच काढली होती. एवढ्या वर्षांत ज्याला वस्ताद ‘मी बघतो’ म्हणाले नाहीत असा माणूस या सभागृहात सापडेल का? रजा मिळत नाही? मी बघतो. बूट चावतो? मी बघतो. न्हाणीघरातला तिसरा नळ गळतो, त्यालाही ‘मी बघतो’ म्हणून झालंय. आचारी म्हणतात, तो नळ आता निवृत्त होईल, पण गळायचा थांबणार नाही.

माझ्यासाठी मात्र त्यांनी बघितलं. माझं सुरुवातीचं शिक्षण घरी झालं. आई शिकवायची, मोठी बहीण उजळणी घ्यायची. त्यामुळे त्या वर्षांचा दाखला नव्हता आणि माझी नेमणूक अडली. वस्ताद कचेरीत आले होते. म्हणाले, “रडतेस कशाला पोरी? मी बघतो.” आठव्या दिवशी कागद मार्गी लागला. त्यांनी कोणाला काय सांगितलं, ते मला आजही माहीत नाही. मी आज या माइकसमोर उभी आहे ती त्या दोन शब्दांमुळे. हे आधी सांगायला हवं होतं, म्हणून सांगितलं.

आता पुढचं. साहेब, मला पाच मिनिटं दिली आहेत, त्यातली दोन झाली.

आपला एक ड्रायव्हर आज इथे नाही. तो कोठडीत आहे. सगळे त्याला घुम्या म्हणतात, कारण तो बोलत नाही. अडीच महिन्यांपूर्वी त्याचा ट्रक उतारावरून आपोआप सुटला आणि दवाखान्याच्या भिंतीत घुसला. कंपाउंडर चहाला गेले होते म्हणून वाचले. त्यांची खुर्ची वाचली नाही. जबाब घेण्याचं काम वस्तादांकडे आलं, लिहून घेण्याचं माझ्याकडे.

बराकीतला नियम मला तेव्हा ठाऊक नव्हता. वरिष्ठासमोर तीनच वाक्यं बोलायची: होय साहेब, नाही साहेब, लक्षात नाही साहेब. चौथं वाक्य बोलला तो गेला. नंतर एकाने सांगितलं, “ताई, आम्ही खोटारडे नाही हो. पण खरं बोललेलं वर जाऊन काय होतं, ते आम्हाला खाली कधी कळत नाही.”

वस्तादांनी विचारलं, “हँडब्रेक लावला होतास?”

“लक्षात नाही साहेब.”

“लावला होतास की नव्हतास?”

“नसावा लावला.”

“नसावा काय? लग्नाची बोलणी चाललीत का इथे? सरळ सांग. मी बघतो.”

घुम्याने वस्तादांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. आणि मी मान हलवली.

का हलवली? आमच्या घरी नियम होता, आपणहून सांगितलं की शिक्षा नाही. शाई सांडली, कप फुटला, धावत जाऊन सांगायचं. आई म्हणायची, “बरं झालं सांगितलंस,” आणि विषय संपायचा. मला वाटलं, सगळीकडे असंच असतं. घुम्या म्हणाला, “नाही लावला.”

फॉर्मवर शेवटचा प्रश्न असतो: हा जबाब देण्यासाठी कोणी आमिष किंवा धमकी दिली आहे काय? मी वाचून दाखवला. तो मलाही “नाही साहेब” म्हणाला. मी ‘नाही’ लिहिलं आणि खाली साक्षीदार म्हणून सही केली.

घुम्याच्या बाहीवरची हुद्द्याची फीत गेली, कोठडी मिळाली आणि आदेशाच्या शेवटी एक ओळ आली: सेवेतून कमी करावे. त्यानंतर मेकॅनिकने ब्रेकची केबल काढून पाहिली. इतकी झिजलेली की, त्यांच्याच शब्दांत, “ओढला काय, न ओढला काय, गाडी सुटलीच असती.” ती शेवटची ओळ राहते की जाते, हे सोमवारच्या सुनावणीत ठरेल. वरून आलेल्या पत्रात म्हटलंय, जबाब स्वखुशीचा असल्यास हस्तक्षेपाचं कारण नाही.

तो स्वखुशीचा होता का? ‘मी बघतो’ हे आमिष होतं की धमकी? मी फॉर्म पुढ्यात घेऊन कितीदा बसले, मला रकाना सापडत नाही. शेवटी कोठडीत जाऊन घुम्यालाच विचारलं. तो म्हणाला, “ताई, जबाब देताना आत वाटलं, सुटलो. बाहेर आल्यावर वाटलं, मेलो. शब्द तर तेच होते.” मग म्हणाला, “पण मी बोललो ते तुम्ही मान हलवलीत म्हणून.”

वस्ताद, मी तीन वेळा तुमच्याकडे आले. तिन्ही वेळा तुम्ही म्हणालात, “बघतो, सांगतो.” हसू नका मागे. उद्या सकाळी तुम्ही गावाला निघाल, म्हणून इथे विचारते आहे. त्या दिवशी तुम्ही नेमकं काय बघणार होतात? त्याला वाचवायचं बघणार होतात? की नळासारखं म्हणून गेलात? माझ्यासाठी ज्यांनी बघितलं त्यांनाच हे विचारावं लागतंय. काकू, मला माफ करा.

वस्तादांनी मान खाली घातली आहे. तो होकार आहे की त्यांना वाईट वाटलंय, मला कळत नाही. मान हलली म्हणून अर्थ काढायचा नाही, एवढं मी शिकले आहे. लिहून दिलंत तर बरं होईल.

माझा जबाब मी लिहून आणला आहे. ‘मी बघतो’ हे शब्द माझ्यासमोर उच्चारले गेले, मी मान हलवली, मी त्या खोट्या ‘नाही’खाली सही केली. शिक्षा काय होते ते नियमावलीत पाहिलं, नीट समजलं नाही. शेवटच्या प्रश्नासमोर ‘नाही’ लिहिलं आहे. या वेळी ते खरं आहे.

वस्ताद, तुम्हाला आणि काकूंना उत्तम आरोग्य लाभो, हे मी मनापासून म्हणते. आयोजकांचे आभार, माझा वेळ संपूनही घंटा न वाजवणाऱ्या सूत्रसंचालकांचे आभार. बोलताना काही कमी-जास्त झालं असेल तर एरवी पदरात घ्या म्हणायचं असतं. आज तसं म्हणत नाही; जे चुकलं ते लिहून घ्या.

अध्यक्ष महोदय, हा कागद आपल्या हाती देते. कृपा करून ‘मी बघतो’ म्हणू नका. मला पोच द्या.