गच्चीवरचा पन्हाळा

आमची तनू इतिहास शिकंल म्हणून मी घसा फोडून सांगत होते, पण घरात एकालाही ते पटलं न्हाय. नणंद सुमन तर तोंडावर म्हणाली, "वैनी, तुमचीच शाळा चौथीपातूर. तुम्ही काय शिकवणार तिला?"

तनू पंधराची. पुस्तक उघडलं की तिला अक्षरं नाचताना दिसत्यात, पण डोळ्यांनी बघितलेलं ती जन्मात विसरत न्हाय. म्हणून शाळा सोडवून घरीच शिकवायला घेतलं. दहावीला बाहेरनं बसवायचं होतं, पण आधी फॉर्म भरून घेणाऱ्या शाळेतल्या एक मॅडम घरी येऊन तोंडी परीक्षा घेणार होत्या. तिथं अडकली की संपलं.

मी पुस्तक मिटलं आणि पन्हाळ्याचा वेढा गच्चीवर मांडला. तनूला गडावर कोंडलं आणि सुमनलाच शत्रूचा सरदार करून जिन्यात बसवलं. "एक भाकरी वर जाऊ द्यायची न्हाय बघ!" बाईनं ते इतकं मनावर घेतलं, की दुपारी तनू वरनं बोंबलायला लागली, "आई, गड घ्या, पण रस्सा पाठवा की!"

मॅडम आल्या. तनूनं वेढा, चौक्या, गडावरची उपासमार, सगळं घडाघडा सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "बसवा हिला दहावीला." मी तिथनंच ओरडले, "सुमन, चहा टाक, डबल साखरेचा!"

सुमन चहा घेऊन आली. मॅडमनी कप उचलत सहज विचारलं, "मग गडाची रसद तोडली कुणी गं, बाळ?"

तनूनं ट्रे धरून उभ्या सुमनकडं बोट केलं. "ही काय, ह्या सुमनआत्यानं!"