अर्धा खड्डा

करुणा : आणि हा खड्डा कुणाला विचारून खणलात, मामा?

सावळाराम : तुज्या सासऱ्याला. परवा आबा सोता आले हितं कबरस्थानात. म्हनले, सावळाराम, डॉक्टरांनी हात टेकले. आज-उद्याची गोष्ट हाय. सुरजसाठी जागा करून ठिव.

करुणा : माझा नवरा जिवंत आहे अजून. सकाळी दवाखान्यात त्याचं तोंड पुसलं आणि मग पुण्याहून डेमू गाडीत बसले मी.

सावळाराम : बरं केलंस. पर माजं बी ऐक. मे म्हैना हाय. केडगावात हितं दोन फुटाखाली मुरूम लागतो, पहार मारली की ठिणग्या उडत्यात. एका कबरीला दीड दिस जातो. मागं गिताबाईला आनली तवा खड्डा निस्ता गुडघाभर झालेला. समदी मंडळी उनात हुबी, मयताची पेटी उनात. चर्चच्या पाळकसाहेबांनी तीच गाणी दोनदा म्हनून घेतली. तवापासनं मी ठरवलं, डॉक्टर न्हाई म्हनले की अर्धा खणून ठेवायचा.

करुणा : हा अर्धा आहे?

सावळाराम : कमरेएवढा हाय. अर्धाच म्हनायचा.

करुणा : बुजवा तो.

सावळाराम : उनानं डोकं तापलंय तुजं. सावलीला बस जरा, पानी पी.

करुणा : एकवीस दिवस झाले, मामा. चौफुल्याला गाडीवरून पडला तेव्हापासून त्यानं डोळा उघडला नाही. रोज त्याच्या उशाशी बसून प्रार्थना करत होते. काल नणंदेचा फोन आला. सुषमा म्हणाली, वहिनी, आबांनी जागा खणून घेतली. तेव्हापासून डोळे मिटले की हा खड्डाच दिसतो. ‘प्रभू’ म्हणते आणि पुढं शब्दच येत नाही. माझ्याकडं तेवढंच उरलं होतं. तेही गेलं.

सावळाराम : आबांवर चिडू नगं. पोराला उनात ताटकळत ठेवायचं न्हाई, म्हनून आले बिचारे. बोलताना त्या फाटकाला धरून हुबे व्हते.

करुणा : मी नाही चिडले त्यांच्यावर. त्यांनी आशा सोडली, सोडू देत. तुम्ही सांगा, तुमचा असा अर्धा खड्डा कधी रिकामा राहिलाय?

सावळाराम : खोटं सांगू का?

करुणा : नको.

सावळाराम : न्हाई राहिला. पहिली पहार मारताना दर टायमाला म्हनतो, देवा, ह्यो खड्डा लागू दिऊ नगंस. अकरा येळा म्हनलो. अकराबी लागले.

करुणा : तरी बुजवा.

सावळाराम : अगं, परत खणायचा म्हंजी... न्हाई, तसं न्हाई म्हना. एकदा हलवलेली माती मऊ राहती. तासाभरात निघंल परत. चल, बुजवतो. तुजं बी मन राखल्यावानी हुईल आन् आबांचं बी अडायचं न्हाई.

करुणा : दुसरं फावडं कुठंय?

सावळाराम : भिंतीकडंला. पर तू कशाला? परतीची गाडी गाठायचीय ना तुला?

करुणा : अजून वेळ आहे.

(बराच वेळ नुसता फावड्यांचा आवाज.)

सावळाराम : आता ह्ये काय चाललंय? बाजूला हो, करुणा. पायानं दाबू नगंस. भुसभुशीत राहू दे.

करुणा : दाबली तर काय होईल?

सावळाराम : चार दिसांत दगड हुईल तिचा. मग परत दीड दिस, पोरी. आन् तोंडातल्या तोंडात काय म्हनतीस?

करुणा : ‘प्रभू’ म्हणाले. बघते, पुढं काही येतंय का.

सावळाराम : येतंय का?

करुणा : अजून नाही. तुम्ही माती टाका, मामा. मी दाबते.