मुका गंधार

…आणि पेटी काय मी निवडली होती? मी जून अडुसष्टमध्ये रुजू झालो तेव्हा ती शाळेत होतीच, लकडगंजातल्या कुणा व्यापाऱ्याने दान दिलेली, आणि तिच्या मधल्या सप्तकातला गंधार मुका होता, म्हणजे पट्टी दाबली की नुसता वारा, फुस्स… मी मुख्याध्यापक चंपतरावांकडे लेखी तक्रार केली, दोन प्रतींत, तर ते सुपारी चघळत म्हणाले, "एक सूर गेला तं काय झालं गा मास्तर? बाकीचे अकरा हायेत ना?" आता तुम्हीच सांगा, अकरा सुरांत समाधानी असलेल्या माणसाशी बावीस श्रुतींविषयी काय बोलणार? माझा प्रबंध बावीस श्रुतींवर आहे. एम.ए. आहे मी, संगीतात.

तुम्ही म्हणाल, सा बदलायचा, दुसऱ्या पट्टीतून वाजवायचे. तत्त्वतः मान्य. परंतु आमचा अभ्यासक्रम शास्त्राचा, बोटे त्यात ऐच्छिक होती; पांढरी एक ही पट्टी सोडून मला कुठूनही वाजवता येत नाही. मग गाऊन दाखवायचे? गळाही ऐच्छिकच होता! पहिल्या दिवशी मी सा लावला आणि शेजारच्या वर्गातून प्रेमिलाबाई "कोनाले लागलं?" म्हणत धावत आल्या, तेव्हापासून मी मुलांना बजावले की पेटी बोलेल तेवढेच बोलायचे, पेटी हेच प्रमाण.

आणि तुम्हाला सांगतो, मुलांनी ते प्रमाण मानले! चंपतरावांनी स्वतः रचलेले स्वागतगीत होते, दर ओळीला ‘स्वागत’, आणि त्यातला मधला ‘ग’ नेमका गंधारावर. पेटी फुस्स करी आणि अख्खी चौथी तोंड मिटून घेई. "स्वा… त, स्वा… त!" इतके पक्के बसले की ‘स्वागत’ हा शब्द मलाच जरा लांबलेला वाटू लागला.

फक्त गोपिका. बायजाबाईची मुलगी, आई मिरच्या निवडायला जायची. सगळे गप्प झाले की हिचा एकटीचा ‘ग’. मी विचारले, हे काय? तर म्हणाली, "गुरुजी, तिथं खड्डा पडून राहिला. मी भरून राहिली." नऊ वर्षांची मुलगी! आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर, श्रुतींच्या मोजमापाने तिचा गंधार शुद्ध होता. तेच तर असह्य होते ना… ती गायली की उरलेली त्रेचाळीस मुले आधी पेटीकडे आणि मग माझ्याकडे बघत. मी तिला व्हरांड्यात उभे केले. म्हटले, बाहेर हवे ते गा, वर्गात यायचे असेल तर खड्डा सोडावा लागेल. गणपतीपासून संक्रांतीपर्यंत उभी होती. मुले तिला ‘व्हरांडा’ म्हणू लागली. बायजाबाई हात न धुताच आली, मला शिंका येत होत्या, आणि म्हणाली, "मास्तर, पोरगी बेसुरी हाय का?" मी म्हटले, तसे निश्चितपणे म्हणता येणार नाही. "मंग काहून बाहेर?" मी तिला समूहगानातील शिस्त या विषयावर दहा मिनिटे समजावले. ती समजली असावी, निदान गेली. एम.ए. आहे मी, संगीतात.

मग संक्रांतीच्याच आठवड्यात शिक्षण खात्याची तपासणी आली. साहेबांच्या शेऱ्यावर माझी नोकरी कायम होणार होती, आणि चंपतरावांनी ऐन वेळी शोभेसाठी भजनी मंडळाची धडधाकट पेटी आणून ठेवली, मला न विचारता! मी वाजवू लागलो, पेटी गंधार बोलली, खणखणीत, आणि त्रेचाळीस तोंडे मिटली. "स्वा… त!" साहेबांनी चष्मा काढला. "हे स्वात काय भानगड हाये, मास्तर?" आणि तेवढ्यात व्हरांड्यातून, जिथला तिथे, ‘ग’…

आता, एक वाक्य बोलायचे होते. मुलगी बरोबर आहे, एवढेच. मी ते मनात तयारही केले होते, कर्ता, कर्म, क्रियापद… आणि तोंडातून निघाले, "तो विराम आहे, साहेब."

"मंग बाहेरची काहून गाऊन राहिली?" साहेबांनी विचारले.

"ती चुकते."

गोपिका दारात उभी राहून ऐकत होती. साहेबांनी तिला आत घेतले, पाठीवर हात ठेवला, म्हणाले, "भिऊ नको, म्हन वं बेटा." मी पेटी वाजवली. ‘स्वा’ म्हणाली. खड्डा आला. तिने माझ्याकडे पाहिले, ओठ मिटले, खड्डा जाऊ दिला आणि मग हळूच म्हणाली, ‘त’.

"सुधारली," साहेब म्हणाले आणि शेरा लिहिला: असा एकजात विराम इतरत्र आढळला नाही, शिक्षकास कायम करावे.

आता शाळेला नवी पेटी आली आहे, बाराही सूर बोलतात. मी रोज गंधार दाबून धरतो, म्हणा, म्हणतो, अरे आता म्हणा… कोणी म्हणत नाही. गोपिकेला मी पहिल्या रांगेत बसवले आहे; सर्वांत आधी तोंड तिचेच मिटते. तुम्हाला सांगतो, शिकवलेले विसरतात अशी बाकीच्या मास्तरांची तक्रार असते. माझी नाही. एम.ए. आहे मी, संगीतात.